पन्नी वाळत घातली तेव्हा

यंदाच्या मे महिन्यात आमच्या गच्चीवर सहा वर्षांनी वाळवण पडलं. सासूबाईंचे गुडघे दुखायला लागल्यापासून कुरडया-पापड्या आम्ही लोकमान्य नगरातल्याच एका बाईंकडून विकत आणतो. त्यामुळे सकाळी सातला मी चार कोपऱ्यांवर विटा ठेवून कागद अंथरतेय हे बघून पलीकडच्या गच्चीवरच्या भाभींनी विचारलं, "क्या काकी, इस बार पापड घर के?" मी म्हटलं, "पापड नहीं, पन्नी बना रहे हैं।" त्यांना वाटलं मी थट्टा करतेय.

इंदूरबाहेरच्यांसाठी सांगते, प्लास्टिकच्या पातळ पिशवीला इथे पन्नी म्हणतात. आम्ही मराठी माणसंही म्हणतो. पिढ्यान्पिढ्या इथे काढल्यावर असे पुष्कळ शब्द बोलण्यात मुरतात. बटाट्याला आम्ही घरात आलूच म्हणतो, पुण्याचे नातेवाईक हसले तरी.

हे खूळ माझ्या पुतणीचं. घरात तिला छोटी म्हणतात, आता नववीत गेली. सुट्टीसाठी शाळेनं प्रोजेक्ट दिला होता: वनस्पतींपासून प्लास्टिक करून दाखवा आणि ते मातीत कसं मिसळतं ते नोंदवा. दीर आणि जाऊ दोघंही नोकरीवर, मी बँकेतून रिटायर झालेली, त्यामुळे सहायक कोण हा प्रश्नच नव्हता. तिनं मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. एक मुलगा पाच मिनिटांत आलूपासून प्लास्टिक करतो, वाकवतो, हसतो आणि व्हिडिओ संपतो. वाळायला किती वेळ लागला ते त्यानं सांगितलंच नव्हतं. ते सांगितलं असतं तर आमचा अर्धा मे वाचला असता.

सुरुवात आलूपासून केली. चोइथराम मंडीतून दोन किलो आणले, किसणीवर किसले, पंचात बांधून पाण्यात पिळले, पुन्हा पाणी, पुन्हा पिळणं. गढूळ पाणी परातीत ठेवलं की अर्ध्या तासात तळाशी पांढरा थर बसतो आणि वर लालसर पाणी उरतं. वरचं ओतायचं, नवीन घालायचं, ढवळायचं, पुन्हा बसू द्यायचं. तीनदा केल्यावर थर चुन्यासारखा पांढरा झाला. बोटानं दाबला की घट्ट लागतो आणि बोट हलकेच सरकवलं की वाहतो, हे बघून छोटी दहा मिनिटं परातीशीच खेळत बसली. वाळवून वजन केलं तर एकशे अठरा ग्रॅम. दोन किलोतून एवढंच!

सासूबाई खुर्चीवर बसून हे सगळं बघत होत्या. म्हणाल्या, "कोल्डातला आलू आणलास ना? त्याच्यात सत्त्व कुठून येणार? तो गोड झालेला असतो."

त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं. माळव्यातला आलू फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो, आणि मे महिन्यात बाजारात असतो तो कोल्ड स्टोरेजमधला. थंडीत ठेवलेल्या आलूत काही स्टार्चची, म्हणजे त्या पांढऱ्या सत्त्वाची, साखर होते. म्हणून तर वाळवणाचे चिप्स होळीच्या आसपास उरकून घ्यायची पद्धत आहे. कोल्डातल्या आलूचे चिप्स तळले की लाल पडतात आणि सगळा दोष तेलाला दिला जातो. छोटीनं हे वहीत लिहून घेतलं आणि पुढे कंसात 'आजी' असं लिहिलं.

पहिला घाणा असा होता: दहा ग्रॅम स्टार्च, साठ मिलिलिटर पाणी, पाच मिलिलिटर पांढरं व्हिनेगर आणि पाच मिलिलिटर ग्लिसरीन. ग्लिसरीन मेडिकलमधून आणलं, मोजायला सुई काढलेली सिरिंज. सगळं गार असतानाच कालवायचं आणि मंद आचेवर ढवळत राहायचं. बराच वेळ काहीच होत नाही, दुधाळ पाणी फिरत राहतं. मग साठ-पासष्ट अंशांच्या पुढे स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात, फुटतात, आणि अचानक, खरंच अचानक, चमचा जड होतो. पांढरा रंग जातो, काचेसारखी लापशी उरते. ते पांढऱ्याचं पारदर्शक होणं ज्यांनी कधी कुरडयांचा चीक शिजवलाय त्यांना नव्यानं सांगायला नको.

लापशी स्टीलच्या ताटात पसरली आणि उन्हात ठेवली. बाहेर एक्केचाळीस अंश. संध्याकाळपर्यंत कडा ताटाला अशा चिकटल्या की उलथन्यानं खरवडावं लागलं, आणि मधला भाग अजून शेंबडासारखा. दुसऱ्या दिवशीही तसाच. म्हणून पुढच्या वेळी मी ग्लिसरीन कमी केलं, पाचाचं दोन केलं. ही चकती वाळली छान, पण उचलताना कडकन मोडली. सासूबाईंनी तुकडा हातात घेतला, दोन बोटांत मोडला आणि म्हणाल्या, "अगं ही पापडीच आहे. तळून बघ, फुलेल."

आम्ही तळली नाही, व्हिनेगरचा वास होता म्हणून. पण त्या बोलल्या त्यात खोट नव्हती. स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या लांबच लांब साखळ्या. त्यांतल्या काही सरळ, त्यांना अमायलोज म्हणतात, आणि बाकीच्या झाडासारख्या फांद्या फुटलेल्या, त्या अमायलोपेक्टिन. आलूत सरळवाल्या साधारण पाचव्या हिश्शाच्या. पाण्यात शिजवल्या की या साखळ्या मोकळ्या होतात, वाळल्या की एकमेकींना बिलगून बसतात आणि कडक होतात. ती झाली पापडी. ग्लिसरीनचे छोटे रेणू त्यांच्यामध्ये घुसून बसले की साखळ्या एकमेकींवरून सरकू शकतात, आणि वाकलं तरी मोडत नाही. पापडी आणि पन्नी यांच्यात अर्धा चमचा ग्लिसरीनचा फरक.

ही युक्ती जुनी आहे. 1862 साली लंडनच्या प्रदर्शनात अलेक्झांडर पार्क्सनं जे पहिलं प्लास्टिक मांडलं ते कापसातल्या सेल्युलोजपासूनचं होतं. पुढे अमेरिकेत जॉन वेस्ली हयातनं त्यातूनच सेल्युलॉइड केलं, बिलियर्डच्या चेंडूंना हस्तिदंताऐवजी काही मिळावं म्हणून, आणि ते लवचीक करायला त्यानं घातला कापूर. आपला देवघरातला कापूर! पूर्णपणे रसायनांतून घडवलेलं बेकलाइट आलं 1907 मध्ये. म्हणजे वनस्पतींपासून प्लास्टिक ही आजकालची नवलाई नाही, आधी तेच होतं. छोटीला हे सांगितलं तर तिनं विचारलं, "मग सोडलं का?" त्याचं उत्तर मला जुलैत मिळालं.

व्हिनेगर कशाला, हाही तिचाच प्रश्न. आम्ही एक चकती व्हिनेगर न घालता केली. झाली, पण गढूळ आणि खरखरीत, मध्ये न विरघळलेले दाणे. आम्लानं फांद्यांचे काही जोड सुटतात, कण नीट मोकळे होतात, लापशी एकजीव होते. हे ऐकून सासूबाईंनी विचारलं, "मग गहू तीन दिवस कशाला भिजत घालतात?" कुरडयांचे गहू रोज पाणी बदलत तीन दिवस भिजवायचे, आंबूस वास आला की वाटून गाळायचे, चोथा बाजूला आणि चीक खाली. ते आंबणं म्हणजे लॅक्टिक आम्लच, दह्या-ताकातलं. आमच्या बाटलीतलं काम त्यांच्या घागरीत फुकट होत होतं. बाजारात पीएलए नावाचं जे वनस्पतिजन्य प्लास्टिक मिळतं, त्याची सुरुवातही इथूनच होते. मक्याची किंवा उसाची साखर जिवाणूंकडून आंबवून लॅक्टिक आम्ल करायचं, आणि मग कारखान्यात त्याच्या रेणूंची साखळी ओवायची. ते ओवणं मात्र गॅसच्या शेगडीवर होत नाही.

त्यानंतर प्रोजेक्टचा कारभार सासूबाईंच्या हातात गेला. आम्ही दोघी नुसत्या मजूर.

त्यांचं पहिलं फर्मान, भर उन्हात ठेवायचं नाही. उन्हात वरची साय आधी धरते, आतलं पाणी अडकतं, मग बुडबुडे येतात किंवा कडा वर वळतात. म्हणून पहिला दिवस पाण्याच्या टाकीच्या सावलीत, वर जुनी वॉयलची साडी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळचं ऊन दहा वाजेपर्यंतच. दुसरं फर्मान, ढवळायचं एकाच दिशेनं आणि हळू, हवा कोंडायची नाही. उतरवल्यावर दोन मिनिटं थांबून मग पसरायचं. तिसरं, जाडी. पळीच्या पाठीनं मधून बाहेर गोल फिरवत जायचं, घावनासारखं. माझी चकती एका बाजूला बोटाएवढी आणि दुसऱ्या बाजूला कागदासारखी व्हायची. त्यांची, चौऱ्याऐंशीव्या वर्षी, बसल्या जागी, अशी एकसारखी की छोटीनं पट्टीनं मोजून बघितली.

आणि पसरायचं कशावर? ताट बाद. कापडावर पसरलं तर चिकटतं. पूर्वी धोतरावर घातलेल्या पापड्या मागून पाण्याचा हात फिरवून सोडवत, ते इथे चालणार नाही, पाणी लागलं की आमची पन्नीच सुटेल. शेवटी उरला वाळवणाचा नेहमीचा जाड प्लास्टिकचा कागद. त्यावरून ती अलगद सुटते, लख्ख गुळगुळीत. प्लास्टिकला पर्याय म्हणून केलेलं प्लास्टिक आम्ही महिनाभर प्लास्टिकवरच वाळवलं. वहीत हे लिहायचं की नाही यावर छोटीचा आणि माझा वाद झाला. तिनं लिहिलं.

तीन मिलिलिटर ग्लिसरीनवर प्रमाण जमलं. पाचवा की सहावा घाणा असेल. सकाळी गच्चीवर गेले, एक कोपरा नखानं उचलला आणि अख्खा तुकडा पानासारखा हातात आला. पारदर्शक, किंचित पिवळसर, वाकवला तर वाकतोय, सोडला तर परत सरळ होतोय. त्यातून पलीकडच्या भाभींची तुळस दिसत होती. मला इतका आनंद का व्हावा कळेना, पण झाला. छोटीला उठवायला मी दोन जिने धावत उतरले.

मग आम्ही जरा मोकाट सुटलो. डब्यातलं कॉर्नफ्लोअर वापरून बघितलं. त्याची पन्नी दुधी काचेसारखी होते, आरपार दिसत नाही, पण हाताला दणकट वाटते. चक्कीवरचं मक्याचं पीठ हे कॉर्नफ्लोअर नव्हे, हे मला माहीत असूनही मी ते करून बघितलं, आणि जे तयार झालं ते करपलेल्या भुट्ट्याच्या किसासारखं दिसत होतं. साबुदाण्याची मात्र सुंदर झाली, आलूच्या बरोबरीनं स्वच्छ आणि ताणली तर थोडी ताणणारी. साबुदाणा म्हणजे टॅपिओका कंदाचं स्टार्चच, आयतं निघालेलं. फक्त एकादशीच्या आदल्या दिवशी डबा रिकामा केल्याबद्दल मला ऐकून घ्यावं लागलं. केळ्याच्या सालीचं म्हणाल तर इंटरनेटवर तिचं फार कौतुक आहे, आमची चार तासांत काळी पडली आणि दोन दिवसांत तिला मुंग्या लागल्या. त्यावर मी आणखी काही बोलणार नाही.

पिशवी शिवायला दोरा लागला नाही. कडेला ओलं बोट फिरवायचं, दुमडायचं, वरून वही ठेवायची. अशा तीन बाजू चिकटवून वीतभर पन्नी तयार झाली. पहिली परीक्षा सेवेची, इंदुरात दुसरी कशाची असणार. पाव किलो लवंगी सेव भरून रात्रभर ठेवली. सकाळी बाहेरून हात लावला तर तेलाचा मागमूस नाही! कागदी पुडीतून एका तासात तेल फुटतं. मला वाटलं योगायोग असेल, पण नाही. स्टार्चच्या साखळ्यांना पाण्याची ओढ असते, तेलाची नाही, त्यामुळे तेल तिच्यातून जात नाही. नमकीनवाल्यांना ही गोष्ट कुणीतरी सांगायला हवी असं मी जेवताना म्हटलं. दीर म्हणाले, "वहिनी, आधी भाजी आणून बघा त्यात."

भाजी आणली. कोथिंबिरीची जुडी, भाजीवाल्यानं नुकतंच पाणी मारलेली. पन्नी आधी मऊ पडली, मग तिला सुरकुत्या आल्या, मग तळ खाली लोंबला, आणि घराच्या फाटकापर्यंत पोचते तोवर कोथिंबीर माझ्या चपलेवर. हातात उरलेला भाग शिळ्या पेजेसारखा लागत होता. दीर काही बोलले नाहीत. हसायचे तेवढे हसले.

जूनमध्ये आणखी एक गोष्ट घडली. मे महिन्यातल्या ज्या पन्नीवर मी खूश होते ती कपाटात ठेवली होती. तीन आठवड्यांनी काढली तर पहिल्यासारखी वाकेना. मोडली नाही, पण आखडली होती. हे का, तर त्या साखळ्या हळूहळू पुन्हा एकमेकींजवळ सरकत राहतात, ग्लिसरीन असलं तरी. काल रात्रीचा भात सकाळी कडक होतो तो याच कारणानं. कुणी पिशवी विकत घ्यावी आणि महिन्यात ती शिळी व्हावी, अशी ही वस्तू. शिळं प्लास्टिक हा शब्दप्रयोग छोटीनं शोधला.

पाऊस आला तसा खेळ उलटला. ग्लिसरीन हवेतली ओल ओढतं, भेगाळलेल्या टाचांना आपण ते लावतो ते त्याचसाठी. मे महिन्याच्या कोरड्या हवेत त्यालाही ओढायला काही मिळत नव्हतं. जुलैत मिळालं. कपाटातल्या सगळ्या पन्न्या लिबलिबीत झाल्या, एकमेकींना चिकटल्या, दोघींवर हिरवट ठिपके आले. शाळेत दाखवायच्या दिवशी छोटीनं नमुने वहीत घालून नेले आणि ते वहीच्या पानांनाच असे डकले की निष्कर्षाचं पान फाटून आलं. वाचवता आलं ते एवढंच, की आलूच्या पन्नीवर बेटाडिनचा थेंब टाकला की त्यातल्या आयोडीननं स्टार्च रंगतं आणि ती निळी-काळी होते, आणि वर्गाला ते फार आवडलं.

संध्याकाळी ती फुरंगटून बसली होती. सासूबाईंनी तिच्यासमोर पापड्यांचा डबा उघडला. घट्ट झाकणाचा पत्र्याचा, आत कागद, पावसाळ्यात ओल्या हातानं उघडायला बंदी असलेला. म्हणाल्या, "तुझ्या पन्नीला डबा लागतो बघ. डब्याला पन्नी लागत नाही." तेव्हा मला मे महिन्यातल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. पाण्याला ओळखत नाही हाच पॉलिथिनचा सगळा गुण, आणि पाण्याला ओळखत नाही म्हणूनच मातीतल्या जिवाणूंना त्याच्यात शिरता येत नाही. जे सहज कुजणार ते आधी भिजणार. कारखानेवाले यातून वाट काढतात. स्टार्चमध्ये पीएलए मिसळतात, पीबीएटीसारखे दुसरे कुजणारे पॉलिमर मिसळतात. पण त्या वाटेची किंमत काय असते ते आम्हाला कुंडीत दिसलं.

कुंडीचा प्रयोग जूनच्या मध्यात सुरू केला होता. घरच्या खतानं भरलेल्या एकाच कुंडीत तीन तुकडे पुरले: आमच्या आलूच्या पन्नीचा, साध्या दुधाच्या पन्नीचा, आणि बाजारात मिळालेल्या एका पिशवीचा, जिच्यावर हिरवं पान छापलेलं आणि बायोडिग्रेडेबल असा शब्द होता. कोणाची पिशवी ते सांगत नाही. बारा दिवसांनी उकरलं. आमचा तुकडा कुठे पुरला होता हे दाखवणारी काडी तेवढी उरली होती. दुधाची पन्नी धुतली असती तर पुन्हा दूध भरता आलं असतं. पानवाली पिशवीही जशीच्या तशी. चाळीस दिवसांनी पुन्हा बघितलं तर तिच्यावरचं पान पुसट झालं होतं, पिशवी शाबूत.

छोटी म्हणाली, "फसवलं!" मला तसं लगेच म्हणवेना, कारण पीएलए मातीत असंच पडून राहू शकतं. त्याला कुजायला साठ अंशांच्या जवळपासची ऊब लागते. ती मोठ्या खतप्रकल्पाच्या ढिगात असते, आमच्या गॅलरीतल्या कुंडीत नसते. बेटाडिननं त्या पिशवीचा रंग बदलला नाही, त्यावरूनही काही सिद्ध होत नाही, कारण मक्यापासून पीएलए झालं की त्यात स्टार्च उरतच नाही. पण पिशवीवर जे असायला हवं ते नव्हतं. कुजणाऱ्या पिशव्यांसाठी आपल्याकडे आयएस/आयएसओ 17088 हे मानक आहे आणि उत्पादकाला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. साध्या पिशव्यांना जाडीची अट आहे, 30 सप्टेंबर 2021 पासून किमान 75 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि 31 डिसेंबर 2022 पासून 120. प्रमाणित कम्पोस्टेबल, म्हणजे खतात कुजणाऱ्या, पिशवीला ती लागू नाही. मग पातळ पिशवी विकायची सोपी युक्ती कोणती, हे वेगळं सांगायला नको. बँकेत तीस वर्षं काढल्यामुळे असेल, मला चित्रापेक्षा नंबर बघायची सवय आहे. आता दुकानात मी पिशवी उलटीसुलटी करून नंबर शोधते आणि मागचे लोक खोळंबतात.

ऑगस्टमध्ये कपाट आवरलं. चिकटलेल्या, बुरशी आलेल्या पन्न्यांचा एक गोळा निघाला. फेकायचा तर कुठे? इंदूरमध्ये हा प्रश्न साधा नाही. गाणं वाजवत कचरागाडी येते, तिला वेगवेगळे कप्पे असतात, आणि चुकीच्या कप्प्यात टाकलं तर गाडीवरचा मुलगा सगळ्या गल्लीसमोर परत करतो. ओला कचरा देवगुराडियाच्या प्रकल्पात जातो. फेब्रुवारी 2022 मध्ये सुरू झालेला, रोज 550 टन ओला कचरा पचवून गॅस करणारा प्रकल्प आहे तो. आमची पन्नी म्हणजे आलू, व्हिनेगर आणि ग्लिसरीन. ओल्याहून ओली.

मी गोळा ओल्यात टाकायला हात पुढे केला. मुलानं हात अडवला.

"मॅडम, ये पन्नी है। सूखे में।"

छोटी पुढे झाली. "नहीं भैया, ये आलू है।"

त्यानं गोळा घेतला, दोन बोटांनी ओढून बघितला, उजेडासमोर धरला. "दिखती तो पन्नी है ना। वहाँ छाँटने वाले निकाल ही देंगे।" आणि टाकला सुक्यात. गाडी पुढे गेली. त्याचंही चूक नव्हतं. ढिगातून पन्न्या वेचायला बसलेला माणूस प्रत्येकीवर बेटाडिन टाकून थोडाच बघणार.

एक पन्नी कपाटाच्या मागच्या फटीत राहिली होती, ती दुसऱ्या दिवशी सापडली. छोटी ती घेऊन आजीकडे गेली. सासूबाई आलू सोलत होत्या. त्यांनी पन्नी हातातल्या विळीवर धरली, पट्ट्या केल्या, पट्ट्यांचे तुकडे केले, सालींत मिसळून वरून चहाचा गाळ टाकला आणि डबा छोटीच्या हातात दिला. खाली गाणं वाजायला लागलं होतं.

"जा," म्हणाल्या, "आणि तो बघत असेल तर बोलू नकोस काही."